खिशातलं बिऱ्हाड

"उठा... शेवटचा थांबा आला."

आमची ओळख झाली ती या वाक्याने. यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर मी काय सांगणार? तेव्हा मलाही त्यात काही दिसलं नव्हतं. दिसत होतं फक्त एक जाड निळं जॅकेट, त्यातून माझ्याकडे वाकून बघणारा माणूस आणि त्याच्यामागे रिकामी बस.

"आपली तक्रार नोंदवून घेतली आहे," मी अर्धवट झोपेत म्हणाले.

तो जरा थबकला. "बरं झालं. पण कुठली?"

मग मात्र मी खडबडून जागी झाले.

मी शहराच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रार केंद्रात फोनवर बसते. नळाला पाणी नाही, नळाला गढूळ पाणी आहे, शेजाऱ्यांच्या नळाला आहे आणि आमच्याच नाही... लोकांच्या मनात वर्षानुवर्षं साचलेलं सगळं नळाच्या निमित्ताने माझ्या कानात रिकामं होत असतं. त्यात शनिवारी रात्रपाळी. घरी जाऊन आडवं व्हावं म्हटलं, तर दादा-वहिनीची जुळी जागी. एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने रडायचं, अशी दोघांनी आपसांत वाटणी करून घेतली होती. बाबांच्या गोळ्या, वहिनीची दुखरी पाठ, दादाचा डबा, या सगळ्यावर घरात एकच उत्तर होतं, "तू आहेस ना!" माझं नावच ते पडलं होतं म्हणा ना. मी होते, आणि सतत असण्याचा मला मनापासून कंटाळा आला होता.

तर अशी मी त्या रविवारी बसच्या खिडकीला डोकं टेकवून झोपले आणि घराचा थांबा मागे टाकून थेट शहराबाहेरच्या टेकडीपाशी पोचले.

"नवीन आहात ना?" हातमोज्यांची एक जोडी माझ्यापुढे धरत तो म्हणाला. "चला लवकर. बाई वाट बघतायत. उशीर झाला की त्या ओरडत नाहीत, नुसत्या बघतात. ते जास्त वाईट."

कोण बाई, कसलं नवीन, मला काही कळेना. रविवारी सकाळी त्या थांब्यावर फक्त टेकडीवर राबायला येणारी मंडळी उतरतात, हे मला मागाहून समजलं. परतीची बस तासाभराने होती. मी चुकून आले आहे, हे समजावून सांगायलाही अंगात त्राण लागतं... ते नव्हतं. मी हातमोजे घातले.

बाई म्हणजे जीवशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. त्या टेकडीवर एके काळी इथल्याच झाडांचं दाट रान होतं. मग कुणीतरी कुंपणाला शोभा म्हणून घाणेरी आणून लावली. फुलं दिसायला गोजिरवाणी, पण ती पसरली की खाली दुसरं काही उगवू देत नाही. बघता बघता तिने टेकडी गिळली. रान गेलं आणि रानाबरोबर पक्षीही गेले. ते परत यावेत म्हणून बाईंनी काही रिकामटेकडे जमवले, हा शब्द त्यांचाच. घाणेरी मुळासकट उपटायची, तिच्या जागी इथली मूळची झाडं लावायची आणि खालच्या टाकीतून डबे भरभरून त्यांना पाणी घालायचं. अशी कित्येक वर्षं गेली होती आणि रोपं अजून कमरेच्या वर गेली नव्हती. पक्ष्यांसाठी मोठ्या हौसेने लाकडी घरटी करून जुन्या झाडांवर टांगली होती, त्यांत एकाही पक्ष्याने पाऊल टाकलं नव्हतं. एकात मुंग्या निघाल्या. दुसऱ्यात मंडळींपैकी बेकरीवाल्या काकांचा हरवलेला चष्मा.

"शेजार पसंत नसेल," निळं जॅकेट मला म्हणालं.

तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत कामाला होता, म्हणून टेकडीवर सगळे त्याला लिफ्टवाला म्हणत. आम्हा दोघांना एकच झुडूप दिलं होतं. तो पहारीने मूळ सैल करायचा आणि मी ओढायचं.

"आठवडाभर माणसांना वर-खाली करता आणि रविवारी मुळं उपटता?" मी विचारलं.

"लिफ्टमध्ये माझ्याशी कुणी बोलत नाही हो. सगळे आकड्यांकडे बघत उभे असतात."

"माझ्याशी सगळेच बोलतात."

त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. "मग आपण गप्प बसून काम करू या का?"

आणि खरोखर, पुढचा तासभर तो एक अक्षर बोलला नाही. इतकी सुंदर भेट मला कित्येक महिन्यांत कुणी दिली नव्हती. परतीची बस आली आणि गेली. मी पहारीच्या तालावर मुळं ओढत राहिले.

पुढच्या रविवारी मी घरी जादा पाळी असल्याची थाप मारली. खोटं बोलण्यात माझा हात चांगला आहे असं नाही, पण घरात कुणी नीट ऐकतच नव्हतं. बसमध्ये बसले, झोपले आणि शेवटच्या थांब्यावर तोच आवाज आला. मग तो नेमच झाला. तो मधल्या कुठल्यातरी थांब्यावर चढायचा, माझ्यामागच्या बाकावर बसायचा आणि टेकडी आली की हळूच म्हणायचा, "उठा..." काही रविवारांनी त्याचं "ऊठ" झालं. कधी झालं ते दोघांच्याही लक्षात आलं नाही... म्हणजे माझ्या आलं होतं. मी दाखवलं नाही.

मग तो अवेळी आलेला भुरभुर पाऊस. पाऊस कसला, आभाळाने जरा केस झटकले इतकंच. पण रात्रपाळीच्या अंगाला तेवढंही सोसवेना. मी कुडकुडताना दिसले, तेव्हा त्याने जॅकेट काढून माझ्या खांद्यावर टाकलं. त्याला ग्रीसचा वास होता आणि स्वस्त साबणाचा. खिसे इतके मोठे की त्यांत संसार मावेल. एकात यंत्रं पुसायच्या सुती चिंध्या कोंबलेल्या होत्या.

"परत कर हं," तो म्हणाला. "कंपनीचं आहे."

"आपली विनंती नोंदवून घेतली आहे."

"किती दिवसांत निवारण?"

"ते सांगता येत नाही. वरून आदेश आल्यावर."

तो हसला. त्याचं हसणं डोळ्यांपासून सुरू व्हायचं आणि तोंडापर्यंत यायला बराच वेळ घ्यायचं... त्याच्या जुन्या लिफ्टसारखं. मी तोपर्यंत वाट बघत थांबायची.

ऊन पडल्यावर मी ते जॅकेट अवजारांच्या खोपटात खिळ्याला अडकवलं आणि थकल्या डोक्याने तिथेच विसरले. पुढच्या रविवारी त्याची कुठलीशी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली. त्यापुढच्या रविवारी आमची जुळी तापाने फणफणली. आम्ही पुन्हा टेकडीवर भेटलो तेव्हा सगळी मंडळी खोपटाबाहेर घोळका करून उभी होती आणि बाई ओठांवर बोट ठेवून दारात.

खोपटाला काच नसलेली एक खिडकी होती. बाईंनी आम्हाला एकेकाला तिच्यापाशी नेऊन दाखवलं. निळ्या जॅकेटचा मोठा खिसा फुगला होता. आत गवत, बारीक मुळं, त्याच्या चिंध्या आणि या सगळ्यावर शेपटी वर करून बसलेली दयाळ पक्ष्याची मादी. तिने आमच्याकडे असं बघितलं, की न विचारता आत आल्यासारखं वाटलं. नर छपराच्या टोकावर बसून गात होता. ती जरा वेळ उडून गेली तेव्हा अंडी दिसली. फिकट निळसर हिरवी आणि त्यांवर तपकिरी ठिपके.

"वर्षानुवर्षं आपण त्यांच्यासाठी घरं बांधतोय," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि यांना खिसा आवडला!" त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. बाई किती दमल्या आहेत, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

निकाल लगेच लागला. पिल्लं उडेपर्यंत खोपटात कुणी पाऊल ठेवायचं नाही.

"आणि अवजारं?" बेकरीवाल्या काकांनी विचारलं.

"राहू देत आत."

"आणि माझं जॅकेट?" लिफ्टवाला म्हणाला.

"कुणाचं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आता ते तिचं आहे."

त्यानंतरचे रविवार मजेचे गेले. पहारी आत, कुदळी आत. काकांनी भट्टीत पाव सारायचं लांब दांड्याचं फावडं आणलं. ते पहिल्याच मुळाशी मोडलं. खालच्या टाकीच्या रखवालदाराची मांजर खोपटाभोवती घिरट्या घालायला लागली, म्हणून पहारा ठेवायचं ठरलं. समोरच्या झाडाखाली एक मोडकं बाक होतं. ज्याचं जॅकेट आणि जिने टांगलं, त्यांनी रविवारी सकाळी बसावं, असं बाईंनी फर्मावलं. शिक्षा म्हणून. अशी शिक्षा मला शाळेत कधी झाली नाही.

"तू मुद्दाम विसरलीस," पहिल्याच दिवशी तो म्हणाला.

"मी? मला काय माहीत तुझा खिसा एवढा मागणीत आहे!"

"त्या खिशात याआधी कुणी राहिलं नव्हतं, खरं सांगतो."

"तुझ्या साहेबांना चालेल?"

मांजर कुठे दिसत नव्हती, तरी तो खोपटाकडेच बघत राहिला. "साहेबांचंच बोलायचं होतं. बढती मिळालीय मला. दुसऱ्या शहरात. तिकडे नव्या उंच इमारती झाल्यात, सगळ्या लिफ्टांची जबाबदारी... पुढच्या महिन्यात हजर व्हायचं होतं."

"होतं?"

"मी सांगितलं, कंपनीचं जॅकेट जमा केल्याशिवाय कर्मचाऱ्याला जाता येत नाही, नियम आहे. आणि जॅकेटमध्ये अंडी आहेत."

"मग?"

"साहेब म्हणाले, 'कोंबडीची?'"

मी हसले. पण ते हसणं माझं मलाच पोकळ ऐकू आलं. पिल्लं उडतील, जॅकेट मोकळं होईल आणि हा जाईल... मग बसमधून मला कोण उठवणार?

"अभिनंदन," मी म्हणाले. फोनवर म्हणते तशी.

"तुला काय वाटतं? जाऊ?"

सांगायला हवं होतं. ओठांवर आलंही होतं. पण मी जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. माझ्याकडे मागायची पद्धत होती. "मला काय वाटायचंय?" मी म्हणाले. "चांगली संधी आहे."

तो "हं" म्हणाला. त्या दिवशी त्याचं हसू डोळ्यांतच कुठेतरी अडकलं, खाली आलंच नाही.

मग अंडी फुटली. पिल्लं म्हणजे नुसत्या उघड्या चोची. दयाळाचं जोडपं दिवसभर किडे आणून आणून थकलेलं. त्या मादीकडे बघून मला वाटायचं, बाई गं, तुझ्याकडेही सगळे 'तू आहेस ना' म्हणतात वाटतं. पण तिचा नर सारखा बरोबर होता. ती दमली की तो खेप करायचा. मी हे बघायची आणि गप्प बसायची. बाकीच्या मंडळींना पिल्लं कधी मोठी होतात असं झालं होतं. जगात मी एकटीच असेन, जी मनातल्या मनात त्यांना सांगत होती, घाई काय आहे... जरा सावकाश वाढा की.

पिल्लांनी ऐकलं नाही. एका रविवारी बाई म्हणाल्या, "आज उडतील. फार तर उद्या."

आदल्या रात्री कुठलीशी मुख्य जलवाहिनी फुटली होती आणि अर्ध्या शहराने मला त्याचा जाब विचारला होता. बाकावर बसले तेव्हा समोरचं खोपट मला दोन-दोन दिसत होतं. मी डोळे ताणून बघत होते. पिल्लं उडताना बघायचं होतं... आणि उडूही द्यायची नव्हती.

"झोप जरा," तो म्हणाला.

"आणि उडाली तर?"

"बघू ना."

"मांजर आली तर? बाईंनी हाक मारली तर?"

"झोप गं," तो अगदी साधेपणाने म्हणाला. "मी आहे ना."

त्याला काय माहीत तो काय बोलून गेला होता ते! ते तीन शब्द आयुष्यभर मी ऐकत आले होते, पण उलट्या बाजूने. मला ते कुणीच म्हटलं नव्हतं. मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकवलं. पुढचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तो होता तसाच बसलेला. एक हात पार बधिर झालेला असणार, कारण तो बोटं उघडून-मिटून बघत होता. खोपट शांत होतं. छपरावर कुणी गात नव्हतं.

"गेली?" मी ताडकन उठले.

"गेली."

"सगळी? आणि मला उठवलं नाहीस!"

"पहिलं खिडकीत बसून बराच वेळ विचार करत होतं," तो सांगायला लागला. "मग सरळ त्या फांदीवर. दुसरं त्याच्यामागे. तिसरं पडलं, पण धडपडत उठलं. शेवटचं होतं ना, ते माझ्या बुटावर येऊन बसलं."

"बुटावर! तुझ्या बुटावर पिल्लू बसलं आणि मी इथे घोरत होते?"

"घोरत नव्हतीस. थोडंसंच."

"मी इतके दिवस त्यांची राखण केली! का नाही उठवलंस?"

"दर रविवारी तुला उठवायला जिवावर यायचं माझ्या," तो म्हणाला. "तुझा चेहरा असा व्हायचा, की वाटायचं, बस आणखी थोडी पुढे गेली असती तर... आज कुठे उतरायचं नव्हतं. म्हणून नाही उठवलं."

माझा राग कुठल्या कुठे गेला.

आम्ही खोपटात गेलो. आत धूळ, दमट लाकूड आणि पक्ष्यांचा उग्र वास. जॅकेटवर विष्ठेचे पांढरे ओघळ, खिशाच्या तोंडाशी एक इवलंसं पीस. त्याने ते अलगद खिळ्यावरून काढलं.

"धुतलं की निघेल," तो जॅकेटकडे बघत म्हणाला. "उद्या जमा करतो. मग... निघतो."

मी त्याच्या हातातून जॅकेट घेतलं आणि परत खिळ्याला अडकवलं.

"हे काय?"

"बाई म्हणतात, दयाळ एका मोसमात दोनदासुद्धा अंडी घालतात."

"त्याच घरट्यात?"

"कधीकधी. सांगता येत नाही. म्हणजे निदान आणखी काही..." मी मान हलवली. "नाही, थांब. मला नीट बोलू दे. मी त्या बिचाऱ्या पक्ष्याच्या आडून बोलतेय. मला कुणाकडे काही मागायची सवय नाही रे, त्यामुळे हे चुकत असेल. पण मला तू हवा आहेस. इथे. बसमध्ये, बाकावर, सगळीकडे. जाऊ नकोस."

बोलून झाल्यावर मी खिळ्याकडेच बघत राहिले. बाहेर कुणीतरी टाकीवर डबा आपटला.

"केवढा उशीर केलास!" तो म्हणाला. मी वळून पाहिलं. त्याचं हसू डोळ्यांतून निघालं होतं आणि या खेपेला कुठेही न अडकता खाली येत होतं. "मला कुठे जायचं होतं? साहेबांना नाही म्हणायला नुसतं एक कारण हवं होतं. अंड्यांवर मी किती दिवस काढणार होतो?"

"मला विचारलं होतंस, तेव्हा तूच का नाही सांगितलंस?"

"तू 'चांगली संधी' म्हणालीस. मी घाबरलो."

"आता साहेबांना काय सांगशील?"

"सांगेन, तक्रार केंद्रातून फोन आला होता. त्या बाई ऐकेचनात."

मी त्याचा बधिर हात हातात घेतला आणि चोळत राहिले. कितीतरी वेळ. दारात सावली पडली तेव्हा कळलं, की बाई येऊन उभ्या आहेत. नुसत्या बघत होत्या.

"अवजारं काढायची ना?" तो गडबडून म्हणाला.

"राहू देत," बाई म्हणाल्या. "आज सगळेच दमलेत. घरी जा."

परतीच्या बसमध्ये तो मागच्या बाकावर बसला नाही, माझ्या शेजारी बसला. घरून फोन आला. वहिनी विचारत होती, "किती वेळ आहे अजून? ही दोघं आवरेनात. तू येतेयस ना?"

"आज दादाला सांग," मी म्हणाले. "मला उशीर होईल."

वहिनी म्हणाली, "बरं." एवढंच. इतकं सोपं होतं ते.

"माझा थांबा आला की उठव," मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवत म्हणाले.

"उठवतो," तो म्हणाला आणि त्याने मोठी जांभई दिली.

पुढे काय झालं ते दोघांनाही माहीत नाही. कुणीतरी खांद्याला हलवत होतं. मी डोळे किलकिले केले. शेजारी त्याचं डोकं माझ्या डोक्यावर कलंडलेलं, तोंड उघडं, गाढ झोपेत. आणि समोर बसचा कंडक्टर वाकून उभा होता.

"उठा," तो म्हणत होता, "शेवटचा थांबा आला."